छबूबाई मनमिळाऊ नव्हत्या

ज्ञानेश्वरीने आपल्या जित्याजागत्या आईला श्रद्धांजली वाहिली ती एका रविवारी सकाळी, गावच्या वाचनालयात, आणि अगदी चुकून. अशी चूक कोणाच्याही हातून होत नाही. त्यासाठी राधाकृष्ण गुरुजींच्या घरी जन्म घ्यावा लागतो.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि दहाव्याचे वक्ते झाले. पारनेरच्या त्या अंगाला कोणी गेलं की दहाव्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या घाटावर मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत गावातली बोलकी माणसं एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. या चार शब्दांसाठी गुरुजींना लांबलांबून बोलावणं यायचं. आवाज असा खणखणीत की माइकवाला आलाच नाही तरी अडत नसे. अडायचं ते शब्दांपाशी. गुरुजींनी आयुष्यभर बेरजा-वजाबाक्या शिकवलेल्या. शब्द त्यांना लागतील तेव्हा सापडत नसत. ते काम ज्ञानेश्वरी आठवीत असल्यापासून तिच्याकडे आलं. "ज्ञानू, जरा मुद्दे काढून दे," म्हणून गुरुजी दाढीला बसत, आणि दाढी होईपर्यंत भाषण तयार असे.

पुढेपुढे तर दाढीइतकाही वेळ लागेना. पुरुष गेला तर तो कष्टाळू, अजातशत्रू आणि गोरगरिबांचा आधार. बाई गेली तर ती मनमिळाऊ, अन्नपूर्णा आणि दोन्ही घरांचा दिवा. शेवटी पोकळी, आणि ती कधीही भरून न निघणारी. नाव तेवढं बदलायचं. ज्या गृहस्थाच्या बांधाच्या तारखा अजून पारनेरच्या कोर्टात चालू होत्या, त्यालाही गुरुजींनी अजातशत्रू म्हटलं, आणि समोर बसलेल्या त्याच्या शत्रूंनी माना डोलावल्या. कोणाला काही वावगं वाटलं नाही. दहाव्याला तसंच बोलायचं असतं.

ही सगळी भाषणं ज्ञानेश्वरीची आहेत हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नाही. सांगणार कशी? घरात तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, म्हशीपासून धाकट्या भावापर्यंत सगळे त्या आवाजाला वचकून असत. पण समोर चार परकी माणसं बसली की तिचा घसा गच्च बंद व्हायचा. दहावीच्या निरोप समारंभात ती भाषणाला उभी राहिली, माइककडे बघत राहिली आणि नमस्कार करून खाली बसली. टाळ्या मात्र भरपूर पडल्या, कारण सगळ्यांत लहान भाषण तिचंच झालं.

आता ती पारनेरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, आणि रविवारी वाचनालयात लिहिण्याचा वर्ग सुरू झाला होता. केडगावच्या एलिझाबेथ मॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या, पहिल्या एसटीने यायच्या. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि फळ्यावर लिहायला खडू. गावातली कॉलेजातली पोरं-पोरी त्यांच्यासमोर बसून लिहायची. हर्षल नावाचा मुलगा काहीही लिहायला घेतलं तरी शेवटी स्वतःच्या मोटारसायकलवर यायचा. शेतकऱ्यावर लिहितानाही शेतकरी शेवटी मोटारसायकलवर बसून जायचा. मॅडमचा नियम एकच होता. ऐकलेलं लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं.

पहिल्याच रविवारी मॅडम म्हणाल्या, आपल्या आईवर लिहा. ज्ञानेश्वरीला वाटलं, यात काय अवघड आहे. हाताला सवय होती, पेन आपोआप चालू लागलं. लिहून झाल्यावर वाचायची पाळी आली, घसा बंद झाला, म्हणून मॅडमनी कागद हर्षलकडे दिला. हर्षल वाचू लागला. मनमिळाऊ स्वभावाच्या, अन्नपूर्णा, दोन्ही घरांचा दिवा. वाचता वाचता त्याचा आवाज हळू होत गेला. शेवटचं वाक्य होतं, "आज ती आपल्यात नसली तरी तिच्या आठवणी चिरंतन राहतील."

मॅडम उठून ज्ञानेश्वरीजवळ आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळांनो, आपण दोन मिनिटं उभं राहू या." सगळे उभे राहिले, ज्यांना खरं ठाऊक होतं तेही, हसू दाबून. ज्ञानेश्वरीही उभी राहिली. आई घरी शेंगा फोडत बसली आहे, सकाळीच ती मला वेणीवरून ओरडलीय, एवढंच वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं. आईला वाहिलेली शांतता तिने मान खाली घालून पुरी केली आणि वर्ग सुटल्याबरोबर पळाली.

हर्षलची गंमत अशी की तो आठवडाभर नगरला हॉस्टेलवर राहायचा आणि शनिवारी रात्री यायचा. त्याचं घरही गावात नव्हतं, लांब मळ्यात वस्तीवर होतं. त्याला वाटलं, आपण नव्हतो तेव्हा काकू गेल्या असतील. घरी जाऊन त्याने आजीला सांगितलं. आजी म्हणजे छबूबाई. गावात कोणी गेलं आणि आपल्याला कळलं नाही, हा छबूबाईंना काकूंच्या जाण्याहून मोठा धक्का होता. पण रीत ती रीत. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांनी भाकरतुकडा न्यायचा असतो. त्यांनी पिठलं हाटलं, भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि भर दुपारच्या उन्हात गुरुजींच्या दारात येऊन सूर लावण्यासाठी पदर तोंडाला लावला.

दार जिने उघडलं तिच्यासाठीच हा पदर होता.

"या ना छबूबाई," ज्ञानेश्वरीची आई म्हणाली. "काय झालं? कोण गेलं?"

छबूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच गेलीस म्हनून आले हुते," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन बसल्या. "आता पिठलं परत न्यायचं न्हाई मी. ताट काढ."

मग आपल्याच सुतकाचं जेवण आईने छबूबाईंबरोबर पोटभर खाल्लं, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या ज्ञानेश्वरीकडून सगळा खुलासा निघाला. गुरुजी नेमके बाहेर दहाव्यालाच गेले होते. मुद्दे काढून देण्यापासून अजातशत्रूपर्यंत सगळं बाहेर आलं. आई हसून हसून लाल झाली. छबूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले आणि ज्ञानेश्वरीला जवळ बोलावलं.

"म्हंजी रंगुबाईला मनमिळाऊ तू केलीस व्हय? आगं, ती बाई सुनंला मिठाचा खडा मोजून द्यायची. मी घाटावर बसले हुते, मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुनाच्या दहाव्याला आले." त्यांनी पदराला हात पुसले. "हे बघ पोरी. माजं वय झालं. माज्या दहाव्याला तुजा बाप उटनार आन मला मनमिळाऊ म्हननार. तसं कुनी म्हनलं ना, तर कावळा शिवू द्यायची न्हाई मी. बसा मग दुपारपत्तुर उन्हात."

"मग काय म्हणायचं, आजी?"

"ते तू लिही. आत्ताच लिही, मला वाचून दाखीव. आन त्या दिशी तूच बोलायचं. बापाच्या हातात कागद द्यायचा न्हाई."

त्या गावात घाटावर बायका बसतात, बोलत नाहीत. कोणी मनाई केलेली नाही, पण आजवर कोणी उठलेलंही नाही. ज्ञानेश्वरीने हे सांगितलं, घशाचंही सांगितलं. छबूबाई म्हणाल्या, घशाचं बघ तुजं तू, मला मरायला अजून येळ हाय.

तेव्हापासून वर्ग सुटला की ज्ञानेश्वरी वस्तीवर जाऊ लागली. पहिला मसुदा तिने मान खाली घालून, कसाबसा वाचला. त्यात छबूबाई कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, सर्वांना धरून राहणाऱ्या होत्या. छबूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई लई चांगली हाय ही. मला भेटीव एकदा." आणि कागद कोंबड्यांच्या खुराड्याखाली अंथरला.

एलिझाबेथ मॅडमना आईपासून खुराड्यापर्यंत सगळं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी वर्षानुवर्षं शाळेत हेच सांगत आले, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही. तू जात राहा." आणि जाता जाता विचारलं, "तुझी आई बरी आहे ना?" हा प्रश्न त्या पुढे दर रविवारी विचारू लागल्या. वर्गात प्रत्येक वेळी हशा पिकायचा, आणि त्या हशात ज्ञानेश्वरीला कधीतरी "बरी आहे" असं म्हणता येऊ लागलं. सुरुवात तिथून झाली.

मग ती पाहायला लागली. छबूबाई एसटीत कोंबडी मांडीवर घेऊन बसायच्या आणि कंडक्टरने तिकीट मागितलं की म्हणायच्या, "ती कुठं बसलीय? मी बसलीय, ती माज्यावर बसलीय." बाजारात प्रत्येक गाडीवरची शेव चाखायच्या आणि मग घरी येऊन शेव चांगली नव्हती म्हणून सांगायच्या. भजनात सगळ्यांच्या पुढे गायच्या, आवाजानेही आणि ओळीनेही. आणि समोरच्या घरातल्या रतनबाईंशी त्यांचं भांडण होतं. बांधावर सीताफळाचं झाड होतं. त्याची फळं एका रात्रीत गेली, छबूबाईंनी रतनबाईंचं नाव घेतलं, रतनबाईंनी शपथ घेतली, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. म्हणजे तोंडावर बंद. एरवी दिवसभर चालू असायचं, पण कोंबडीमार्फत.

"सांग गं," छबूबाई कोंबडीला मोठ्याने म्हणायच्या, "काही लोकांचं सरपन पावसात भिजतंय म्हनावं."

समोरून रतनबाई त्याच कोंबडीला म्हणायच्या, "सांग तुज्या मालकिनीला, आमाला डोळं हायत." आणि धावत जाऊन सरपण आत घ्यायच्या.

एकदा रतनबाई महिनाभर लेकीकडे गेल्या. त्या महिन्यात ज्ञानेश्वरी गेली तेव्हा छबूबाई ओट्यावर गप्प बसलेल्या असत. भाकरी ताटात तशीच. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "पीठ जुनं हाय." रतनबाई परत आल्या त्या दिवशी पीठ आपोआप नवं झालं. हे ज्ञानेश्वरीने लिहिलं. ते छबूबाईंना वाचून दाखवलं. हा कागद मात्र खुराड्याखाली गेला नाही. "जरा मोठ्यांदा वाच की," एवढंच म्हणाल्या, "समोर ऐकू जाया पायजे." पण ज्ञानेश्वरीला तेवढं मोठ्यांदा वाचणं जमलं नाही, आणि पुढच्या वेळी वाचू म्हणून ती निघाली.

पुढची वेळ आली नाही. कांदे काढणीला आले होते तेव्हा एके सकाळी छबूबाई उठल्याच नाहीत. कोणाला त्रास न देता गेल्या, असं गाव म्हणालं. त्यांनी कोणाला त्रास दिला नाही असं वाक्य त्यांच्याबद्दल गावाने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. ज्ञानेश्वरी खूप रडली. घराबाहेरच्या कोणासाठी ती इतकी रडेल असं आईला वाटलं नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी दाढीचं सामान घेऊन बसले. "ज्ञानू, मुद्दे काढून दे."

"मुद्दे नाहीत अण्णा. मीच बोलणार आहे. आजींना तसा शब्द दिलाय."

गुरुजींचा ब्रश गालावरच राहिला. गुरुजी वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना आजवर असा प्रश्न पडला नव्हता. "घाटावर?" ते म्हणाले. "अगं, तुझा घसा... आणि बायका बोलत नाहीत." मग साबण वाळेपर्यंत विचार करून त्यांनी मधला मार्ग काढला. "असं करू. मी सुरुवात करतो. कावळा लांबला तर तुला उठवतो."

ज्ञानेश्वरीला हे पटलं. कावळा लांबणार याची तिला खात्री होती. छबूबाईंनी शब्द दिला होता, आणि धमकीच्या बाबतीत त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

सकाळी घाट भरला. वस्तीवरची माणसं, गावातली माणसं, एका बाजूला बायका, त्यांत शेवटी रतनबाई, गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या. एलिझाबेथ मॅडमही पहिल्या एसटीने येऊन बायकांत बसल्या. छबूबाईंच्या मुलाने, सहादेवने, पिंड ठेवला. झाडावर कावळे होते. प्रवचन संपलं. गुरुजी उठले, खाकरले. हातात कागद नव्हता, म्हणून त्यांनी पाठ असलेलं सुरू केलं. "कैलासवासी छबूबाई म्हणजे एक अत्यंत मनमिळाऊ..."

आणि कावळा उतरला. ना इकडे बघितलं, ना तिकडे, थेट पिंडावर. अगदी त्याच शब्दावर.

"शिवला, शिवला," लोक म्हणाले, आणि हात जोडून उठायला लागले. इतक्या लवकर शिवला, म्हातारी समाधानाने गेली, असं जो तो एकमेकांना सांगू लागला. कांदे काढायचे होते, मजूर शेतात येऊन थांबले होते. गुरुजींनीही सुटकेने दोन शब्दांत आवरलं. माइकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली.

ज्ञानेश्वरीला छबूबाईंचा असा राग आला की विचारू नका. जन्मभर कोणाचं ऐकलं नाहीत, कंडक्टरचं नाही, सरपंचाचं नाही, आणि आजच मनमिळाऊ व्हायला काय झालं होतं? आता उठण्याचं काही कारण उरलं नव्हतं. कावळा शिवला होता. कोणी तिला बोलावणार नव्हतं, कोणी तिची वाट बघत नव्हतं. ती बसून राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. फक्त तिला आणि मॅडमना कळलं असतं. मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

ती उठली. बायकांच्या मधून वाट काढत पुढे गेली. हर्षलने तिला येताना पाहिलं आणि माइकवाल्याच्या हातातून माइक काढून घेऊन तिच्यापुढे धरला. घसा बंद होता. समोर माणसं एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती.

"थांबा," ती म्हणाली. माइकमध्ये तो शब्द फारच मोठा वाटला. "एक चूक झाली आहे. छबूबाई मनमिळाऊ नव्हत्या."

एका पायातली चप्पल तशीच राहिली. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. सहादेव वळून बघू लागला.

"मी अण्णांना लिहून देते, त्यात सगळ्याच बायका मनमिळाऊ असतात. छबूबाईंनी मला सांगितलं होतं, माझ्याबद्दल असं म्हणायचं नाही. त्या कोंबडीला एसटीत फुकट नेत होत्या. त्या बाजारात अख्ख्या आळीची शेव खायच्या आणि पावशेरसुद्धा घ्यायच्या नाहीत." मागे कोणीतरी हसलं आणि खोकला काढून लपवलं. मग दुसरं हसलं, त्याने लपवलं नाही. "आपल्या आरतीताई सासरहून परत आल्या, तेव्हा त्यांचं शिलाई मशीन सोनईला सासरीच राहिलं. गावात सगळे म्हणाले, जाऊ द्या, वाद नको. सगळे मनमिळाऊ होते. छबूबाई भाकरी बांधून सोनईला गेल्या आणि त्या लोकांच्या ओट्यावर बसल्या. मशीन टेम्पोत चढेपर्यंत उठल्या नाहीत. त्या मनमिळाऊ असत्या तर ते मशीन आज सोनईतच असतं."

आता कोणी चप्पल शोधत नव्हतं. आरतीने पदराने डोळे पुसले. ज्ञानेश्वरीचा आवाज आता घरातल्यासारखा, गल्लीच्या टोकाला जाईल असा लागला होता, आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं.

"रतनबाईंशी त्या कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. पण रतनबाई लेकीकडे गेल्या त्या महिन्यात छबूबाईंना भाकरी गेली नाही. त्या म्हणायच्या, पीठ जुनं आहे. पीठ जुनं नव्हतं."

बायकांच्या शेवटच्या रांगेतून रतनबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. सगळ्या घाटाने मान वळवली.

"सीताफळं मीच तोडली हुती," त्या म्हणाल्या. "तेवढं घाल त्यात." आणि खाली बसल्या.

त्या दिवशी घाटावर माणसं हसली आणि रडली, आणि कांद्याचे मजूर तासभर बांधावर बसून राहिले. जेवणाच्या पंगतीत सहादेव ज्ञानेश्वरीला स्वतः वाढायला आला. गुरुजी तिच्या शेजारी बसले होते. बराच वेळ त्यांनी भात नुसता कालवला. मग हळूच म्हणाले, "ज्ञानू, निघोजला परवा एक दहावा आहे. तिकडं मी काय बोलू?"

"ते गृहस्थ कसे होते अण्णा?"

"मला काय माहीत?"

"मग उद्या जाऊन विचारून या."

हात धुवायला ती उठली तेव्हा कोणीतरी मागून तिचा दंड धरला. रतनबाई होत्या. त्यांनी तिला मांडवाच्या खांबाआड नेलं.

"माजं कवा लिव्हतीस?"

"लिहू की. पण खरं सांगावं लागेल हं, आजी. तुम्ही कशा आहात?"

"मी?" रतनबाई म्हणाल्या. "मी मातुर खरंच मनमिळाऊ हाय."

ज्ञानेश्वरी हसली. रतनबाई हसल्या नाहीत. त्या वस्तीच्या दिशेने बघत होत्या.

"तिची कोंबडी धा दिस झालं माज्या दारात येऊन हुबी ऱ्हातीय," त्या म्हणाल्या. "दाने टाकते मी. पन निरोप काय सांगू तिला? आन कुनाला सांगायचा?"

ज्ञानेश्वरी तिथेच खांबाला टेकून बसली, रतनबाईंनाही शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आधी मला सांगा."